किती बसले, किती सुटले : पिसा २०२२ च्या सहभाग-तक्त्यांचे परीक्षण

पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची गणित, वाचन आणि विज्ञान या तीन विषयांतली जी आंतरराष्ट्रीय चाचणी ओईसीडी ही संघटना घेते, ती पिसा या नावाने आपल्याकडेही बऱ्यापैकी परिचित आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पिसा २०२२ चे निकाल जाहीर झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी रीतीप्रमाणे क्रमवारी छापली, सिंगापूरचे कौतुक झाले, युरोपातल्या घसरणीवर अग्रलेख आले आणि विषय संपला. या परीक्षणाचा विषय ती क्रमवारी नाही. त्याच अहवालाच्या पहिल्या खंडाच्या शेवटी, ए-२ आणि ए-४ या दोन परिशिष्टांत, प्रत्येक देशातल्या किती शाळांनी निमंत्रण स्वीकारले, किती मुलांना आधीच वगळले, चाचणीच्या दिवशी प्रत्यक्षात किती जण हजर राहिले आणि या गळतीचा सरासरीवर काय परिणाम झाला असावा, याचा हिशेब दिलेला आहे. शिक्षणाविषयी लिहिणाऱ्या, शिकवणाऱ्या किंवा निदान वाद घालणाऱ्या माणसाने वापरावी अशी ही एक सार्वजनिक सेवा आहे, आणि तिचे मोल तपासावे एवढाच येथे हेतू आहे.

किमतीचा मुद्दा चटकन निकालात निघतो, कारण सारे काही विनामूल्य आहे. अहवाल पीडीएफ स्वरूपात मिळतो, तक्ते एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात, आणि ज्याला खोलात शिरायचे आहे त्याला एकेका विद्यार्थ्याची नाव-गाव काढून टाकलेली नोंदही एसपीएसएस किंवा सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या फायलींमध्ये उपलब्ध आहे. एवढ्या उघडपणे आपली कच्ची सामग्री समोर ठेवणारी शैक्षणिक सर्वेक्षणे जगात थोडीच आहेत, आणि पुढे जी टीका येणार आहे ती या उघडपणामुळेच करता येते, हे आधीच नोंदवून ठेवणे न्याय्य होईल.

आता मालाकडे वळू. पिसा २०२२ मध्ये ८१ देश आणि अर्थव्यवस्था सहभागी होत्या. सुमारे ६ लाख ९० हजार विद्यार्थ्यांनी चाचणी दिली आणि ते सुमारे २ कोटी ९० लाख मुलांचे प्रतिनिधित्व करतात असे अहवाल सांगतो. म्हणजे संगणकापुढे बसलेला एक मुलगा सरासरी बेचाळीस जणांच्या वतीने उत्तरे देतो. ही व्यवस्था ज्या पायावर उभी आहे तो पाया नमुना-निवडीचा. देशातल्या सर्व पात्र शाळांची यादी करायची, त्यातून पटाच्या प्रमाणात संधी देऊन किमान १५० शाळा निवडायच्या, आणि संगणकावर चाचणी घेणाऱ्या देशांत प्रत्येक निवडलेल्या शाळेतून पंधरा वर्षांची साधारण ४२ मुले चिठ्ठी टाकल्यासारखी उचलायची. येथपर्यंत सारे गणिताच्या हातात असते. त्यानंतर मुख्याध्यापक नकार देतात, पालक संमती देत नाहीत, मुले गैरहजर राहतात, आणि गणिताने निवडलेला नमुना माणसांच्या हाती लागून झिजत जातो. सहभागाचे मापन म्हणजे या झिजेचे मापन.

ही झीज तीन ठिकाणी होते आणि पिसाने तिन्ही ठिकाणी मर्यादा घातल्या आहेत. पहिली गळती वगळण्याची. विशेष शाळा, अतिदुर्गम शाळा, गंभीर अपंगत्व असलेली मुले, किंवा चाचणीची भाषा शिकून वर्षही न झालेली स्थलांतरितांची मुले यांना वगळता येते, पण सगळी मिळून वगळणूक ५ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. दुसरी गळती शाळांची. मूळ निवडलेल्या शाळांपैकी, पटाचा भारांक धरून (म्हणजे अधिक मुलांच्या शाळेला तेवढे अधिक वजन देऊन), ८५ टक्के शाळांनी भाग घ्यायला हवा. तिसरी गळती विद्यार्थ्यांची. सहभागी शाळांमधल्या निवडलेल्या मुलांपैकी ८० टक्के मुलांनी प्रत्यक्ष चाचणी द्यायला हवी.

अहवाल हे तीन आकडे वेगवेगळे देतो आणि वेगवेगळे तपासतो. त्यांचा गुणाकार मात्र तो वाचकापुढे ठेवत नाही, आणि माझ्या मते या सेवेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. तिन्ही कसोट्या जेमतेम उत्तीर्ण करणारा एक देश कल्पनेत घ्या : ९५ टक्के मुले कक्षेत, त्यांतल्या ८५ टक्के शाळांत प्रवेश, आणि त्या शाळांतली ८० टक्के मुले हजर. गुणाकार ६४.६ टक्के येतो. म्हणजे शाळेत जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी पस्तीस मुलांविषयी चाचणीने स्वतः काहीही पाहिलेले नाही, तरीही तो देश सर्व निकष पूर्ण केल्याच्या दाखल्यासह क्रमवारीत बसतो. उरलेल्या पस्तिसांची जागा भारांक भरून काढतात. गळालेल्या शाळेचा भार तिच्यासारख्याच इतर शाळांवर आणि गैरहजर मुलाचा भार हजर मुलांवर वाटला जातो. यामागे एक गृहीतक असते, की गळालेले आणि राहिलेले सर्वसाधारणपणे सारखेच आहेत. परीक्षेच्या दिवशी कोणती मुले घरी राहतात हे ज्याने एखादे वर्षही शाळेत शिकवले आहे, त्याला हे गृहीतक किती तकलादू आहे ते सांगावे लागणार नाही.

बदली शाळांचा नियम मात्र मला मनापासून आवडला. प्रत्येक निवडलेल्या शाळेच्या यादीतल्या मागच्या-पुढच्या दोन शाळा आधीच राखून ठेवतात. यादी शाळांच्या प्रकारानुसार आणि आकारानुसार लावलेली असल्याने शेजारची शाळा बरीचशी तशीच असते. मूळ शाळेने नकार दिला तर ही बदली शाळा येते. पण बदली शाळेला पूर्ण गुण मिळत नाहीत. मूळ सहभाग ८५ टक्क्यांहून जितका खाली जाईल, त्याच्या निम्म्याने अंतिम सहभागाची अट वर चढते. मूळ सहभाग ६५ टक्के असेल तर बदली शाळांसह तो ९५ टक्क्यांवर न्यावा लागतो, आणि ६५ च्या खाली गेल्यास कितीही बदली शाळा आणल्या तरी अट पूर्ण होत नाही. ‘ही शाळा नाही म्हणते, ती तयार आहे, तिलाच घ्या’ या सोयीस्कर वृत्तीला येथे दंड आहे. आपल्याकडच्या कोणत्याही तपासणी-मोहिमेत असा विचारपूर्वक दंड निदान माझ्या पाहण्यात नाही.

नियम कागदावर राहत नाहीत याचीही उदाहरणे आहेत. २००० च्या पहिल्याच फेरीत नेदरलँड्समध्ये मूळ निवडीतल्या जेमतेम २७ टक्के शाळांनी होकार दिला आणि त्या देशाचे निकाल तुलनेतून काढले गेले. २००३ मध्ये ब्रिटनवर तीच पाळी आली. शाळांचा मूळ सहभाग ६४ टक्क्यांच्या आसपास अडकला आणि विद्यार्थ्यांचाही ८० च्या खाली राहिला. २०१५ मध्ये मलेशियातल्या निवडलेल्या शाळांपैकी भारांकित प्रमाणात निम्म्याच शाळा भरल्या आणि निकाल वेगळे काढून छापावे लागले. त्याच वर्षी अर्जेंटिनाचा प्रश्न आणखी मुळातला होता : शाळांची मूळ यादीच अपुरी निघाली, त्यामुळे देश म्हणून तुलना बाद झाली आणि ब्युनोस आयर्स शहराचे आकडे तेवढे शिल्लक राहिले. यादी चुकली तर पुढचे सारे टक्के निरर्थक ठरतात, हा धडा महाराष्ट्राला ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीने चांगलाच शिकवला होता. पटावरची मुले आणि वर्गातली मुले यांची एकाच वेळी राज्यभर मोजणी झाली, तेव्हा निम्म्याहून कमी उपस्थितीच्या शाळांची यादी काढून कारवाई करावी लागली. भाजक फुगलेला असेल तर टक्केवारीचे सौंदर्य कशासाठी न्याहाळायचे?

पिसा २०२२ ने यापूर्वीच्या कठोरतेऐवजी तारांकनाचा मार्ग पत्करला. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, डेन्मार्क, नेदरलँड्स, लॅटव्हिया, हाँगकाँग, जमैका, पनामा हे देश एक किंवा अधिक निकषांवर कमी पडले, म्हणून त्यांच्या नावापुढे तारांकन लावले आणि अंदाज सावधपणे वाचावेत अशी सूचना दिली. चांगली गोष्ट अशी की हे चिन्ह केवळ मुख्य तक्त्यात एकदा लावून मोकळे झालेले नाहीत. अहवालाच्या मजकुरात देशाचे नाव येईल तेथे ते सोबत येते. वाचकाला विसरू न देण्याची ही शिस्त प्रशंसनीय आहे. दुर्दैवाने वर्तमानपत्रांच्या तक्त्यांत पोहोचेपर्यंत हे चिन्ह कुठेतरी गळून पडते, पण त्याचा दोष ओईसीडीच्या माथी मारता येणार नाही.

दोष आहे तो चिन्ह एकच असण्याचा. अमेरिकेत मूळ निवडलेल्या शाळांपैकी सुमारे ५१ टक्के शाळा आल्या आणि बदली शाळा धरूनही प्रमाण ६३ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. आयर्लंडमध्ये जवळपास सर्व शाळा आल्या, पण मुलांचा सहभाग ७७ टक्क्यांवर थांबला. डेन्मार्कची अडचण वगळणुकीची. तीन देशांचे तीन वेगळे आजार आणि तिघांच्या नावापुढे तेच एक तारांकन. वाचकाला वाटते की तिघेही सारखेच अविश्वसनीय आहेत. येथे पुन्हा गुणाकार करून पाहावा. आयर्लंडमध्ये शाळा आणि विद्यार्थी या दोन टप्प्यांचा गुणाकार सुमारे ७६ टक्के येतो. जो देश ८५ आणि ८० या दोन्ही अटी काठावर पार करतो त्याचा गुणाकार ६८ येतो, आणि त्याच्या नावापुढे काहीही नसते. म्हणजे तारांकित आयर्लंडने आपल्या मुलांपैकी अधिक मुले प्रत्यक्ष तपासलेली असू शकतात आणि अतारांकित देशाने कमी. निकष टप्प्याटप्प्याने लावले आणि एकत्र हिशेब दाखवला नाही, की असा विपर्यास होतो.

स्वीडनचे २०१८ चे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. त्या फेरीत स्वीडनने ११ टक्क्यांच्या वर मुले वगळली, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक. कारण असे सांगितले गेले की २०१५-१६ मध्ये आलेल्या निर्वासितांच्या मुलांमुळे भाषा न येणाऱ्यांची संख्या तात्पुरती वाढली आहे. ओईसीडीने ते मान्य केले आणि स्वीडनचे निकाल कोणत्याही शेऱ्याविना छापले गेले. त्या वर्षी शेरा मिळाला तो अमेरिका, नेदरलँड्स, पोर्तुगाल आणि हाँगकाँग यांना. पुढे स्वीडनच्या एका वृत्तपत्राने हा विषय लावून धरला आणि २०२१ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने वगळणुकीच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप नोंदवले. लक्षात घेण्याजोगी बाब ही की ११ टक्क्यांचा आकडा लपवलेला नव्हता. तो परिशिष्टात पहिल्या दिवसापासून छापलेला होता. ज्यांनी फक्त चिन्ह पाहिले ते निर्धास्त राहिले, आणि ज्यांनी स्तंभ वाचला त्यांना प्रश्न पडला. या सेवेचा वापर कसा करावा याचे याहून चांगले मार्गदर्शन मला सापडलेले नाही.

याहून खोल प्रश्न तक्त्यांच्या दुसऱ्या एका स्तंभात दडलेला आहे. वर सांगितलेले सर्व टक्के शाळेत असलेल्या, आणि किमान सातवीत पोहोचलेल्या, मुलांचे आहेत. पंधरा वर्षांची जी मुले शाळाच सोडून गेली किंवा सहावीतच रेंगाळली, ती पिसाच्या व्याख्येतच बसत नाहीत. त्यांचा हिशेब व्याप्ती-निर्देशांक या वेगळ्या आकड्यात येतो, ज्यात देशातल्या एकूण पंधरा वर्षांच्या लोकसंख्येपैकी किती जणांच्या वतीने नमुना बोलतो ते सांगितलेले असते. २०२२ मध्ये कंबोडियासाठी हा आकडा सुमारे ३६ टक्के होता. कंबोडियाच्या नावापुढे तारांकन नाही, कारण व्याप्ती हा उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचा निकषच नाही. ज्यांना पंगतीचे आमंत्रणच गेले नाही त्यांना जेवण कसे वाटले, हे पानावर बसलेल्यांना विचारून कळत नाही. पण नियम असा की आमंत्रितांपैकी पुरेसे लोक आले की यजमान निर्दोष.

व्हिएतनामचे उदाहरण तर आपल्याकडे हमखास दिले जाते. २०१२ मध्ये त्या देशाने गणितात ५११ आणि विज्ञानात ५२८ गुण मिळवून अनेक श्रीमंत देशांना मागे टाकले, आणि गरीब देशही उत्तम शिकवू शकतो याचा दाखला म्हणून ते आकडे भाषणांत फिरू लागले. त्या वर्षी व्हिएतनामची व्याप्ती ५६ टक्के होती आणि २०१५ मध्ये ती ४९ टक्के झाली. व्हिएतनामच्या शाळा चांगल्या नाहीत असे यातून सिद्ध होत नाही. शाळेत टिकलेली मुले चांगली शिकतात एवढे सिद्ध होते, आणि अर्धी मुले मोजणीबाहेर असताना दोन्ही विधानांत महत्त्वाचे अंतर उरते. उलट दिशेचा अन्यायही होतो. तुर्कस्तानची व्याप्ती २००३ मध्ये ३६ टक्के होती आणि २०१८ पर्यंत ती ७३ टक्क्यांवर गेली. पूर्वी बाहेर राहणारी, बहुधा गरीब घरांतली मुले शाळेत आणि म्हणून चाचणीत आली. अशा देशाची सरासरी नुसती टिकून राहिली तरी ती कामगिरी मानायला हवी. सरळ आलेखात ती दिसत नाही. ओईसीडीचे विश्लेषक हा मुद्दा मांडतात, समायोजित आकडेही देतात, पण ते मुख्य तक्त्यापासून दूर, ज्याला माहीत आहे त्यालाच सापडतील अशा ठिकाणी.

ए-४ हे परिशिष्ट मला या संचातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते. तारांकित देशांनी आपल्या असहभागामुळे निकाल कोणत्या बाजूला झुकला असेल याचे विश्लेषण सादर करावे लागते आणि त्यावर निवाडा करणाऱ्यांचे मत तेथे देशवार छापलेले आहे. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्याबाबतीत कमकुवत विद्यार्थी अधिक गळाल्याने सरासरी वरच्या बाजूला झुकली असण्याची शक्यता तेथे स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. असे विश्लेषण करता येते ते या देशांजवळ गैरहजर मुलांचीही काही ना काही माहिती असल्यामुळे. इंग्लंडमध्ये निवडलेल्या प्रत्येक मुलाचे आधीच्या राष्ट्रीय परीक्षांतले गुण सरकारी नोंदीत असतात, त्यामुळे आलेल्यांची आणि न आलेल्यांची थेट तुलना होऊ शकते. २००० आणि २००३ या दोन फेऱ्यांवर ब्रिटिश संशोधकांनी नेमके हेच केले, आणि त्यांना आढळले की शाळांच्या नकारापेक्षा विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीमुळे आलेला झुकाव मोठा होता. सगळी चर्चा शाळांच्या टक्क्यांभोवती फिरत असताना खरी गळती वर्गाच्या दारात होती. कॅनडाच्या २०१५ च्या निकालांबाबतही अशीच फेरतपासणी झाली आणि वगळणूक, शाळांचा नकार व मुलांची गैरहजेरी एकत्र धरली तर नमुना देशातल्या निम्म्याच्या जवळपास मुलांचेच प्रत्यक्ष प्रतिनिधित्व करतो असे दिसून आले.

स्पर्धक उत्पादनाशी तुलना केल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही. आयईए ही संघटना १९९५ पासून दर चार वर्षांनी टिम्स ही गणित-विज्ञानाची चाचणी चौथी आणि आठवीला घेते. तिचे सहभागाचे तक्ते मला स्पष्टतेत सरस वाटतात. बदली शाळा धरण्यापूर्वीचे प्रमाण, धरल्यानंतरचे प्रमाण, वर्गांचे प्रमाण, विद्यार्थ्यांचे प्रमाण आणि शेवटी या सर्वांचा गुणाकार, असे सारे एका ओळीत मिळते. शाळा आणि विद्यार्थी दोन्ही ८५ टक्के, वर्ग ९५ टक्के, नाहीतर एकत्रित ७५ टक्के, अशी अट आहे. म्हणजे गुणाकार हाच येथे एक मान्य निकष आहे. बदली शाळांमुळे उत्तीर्ण झालेल्या, जेमतेम जवळ पोहोचलेल्या आणि अनुत्तीर्ण राहिलेल्या देशांना निरनिराळी चिन्हे आहेत, आणि व्याप्ती किंवा वगळणुकीच्या दोषासाठी त्याहून वेगळ्या आकडी खुणा. शिवाय टिम्समध्ये अख्खा वर्ग निवडला जात असल्याने कोणते मूल बसवावे हा प्रश्नच शाळेच्या हाती राहत नाही. दोन्ही संचांपैकी हिशेबाची वही कोणाची नीटनेटकी, असे विचारल्यास मी टिम्सचे नाव घेईन. असहभागाच्या परिणामांची उघड, देशवार चर्चा मात्र पिसाइतकी तेथे हाती लागत नाही.

भारतापुरते बोलायचे तर पिसाचे तक्ते आपल्यासाठी जवळजवळ रिकामे आहेत. २००९ च्या फेरीच्या पुरवणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये सहभागी झाली, निकाल शेवटच्या क्रमांकांत आले आणि देशाने पुढच्या फेऱ्यांकडे पाठ फिरवली. चंडीगढ, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांना घेऊन पुन्हा उतरण्याचा २०१९ मधला करार महासाथीनंतर प्रत्यक्षात आला नाही. केंद्रीय आणि नवोदय विद्यालये हीच निवड पाहून सहभागाच्या तक्त्यांचा अभ्यासक काय म्हणाला असता, ते सांगायला नको.

आपले घरचे उत्पादन म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ज्याची ताजी आवृत्ती परख राष्ट्रीय सर्वेक्षण या नावाने ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाली. ७८१ जिल्हे, ७४,२२९ शाळा आणि २१,१५,०२२ विद्यार्थी हे त्याचे जाहीर आकडे आहेत, आणि एका दिवसात एवढा पसारा मांडणे ही प्रशासनाची मोठीच कामगिरी आहे. आधीचे जाहीर नियोजन सुमारे साडेपंचाहत्तर हजार शाळा आणि जवळपास २३ लाख विद्यार्थ्यांचे होते. भागाकार केला तर शाळा ९८ टक्के आणि विद्यार्थी ९२ टक्के येतात. हे प्रमाण अनेक तारांकित देशांना लाजवील असे आहे. पण हा भागाकार वाचकाला दोन सरकारी पत्रकांतून आकडे गोळा करून करावा लागतो, तो भारांकित नाही, आणि जिल्ह्याच्या पातळीवर, म्हणजे जेथे निकालांवरून अधिकाऱ्यांना जाब विचारला जातो तेथे, अहवाल-पत्रकाच्या दर्शनी भागावर ‘इतक्या शाळा, इतके विद्यार्थी’ एवढेच दिसते. किती निवडले होते आणि किती सुटले, हे तेथे शेजारी छापलेले असायला हवे.

हा आग्रह पुस्तकी नाही, हे २०२१ च्या फेरीवरून ध्यानात येईल. ते सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाले. सुमारे १ लाख २३ हजार शाळा आणि ३८ लाख विद्यार्थ्यांचे नियोजन होते आणि १ लाख १८ हजार शाळांतले ३४ लाख विद्यार्थी बसले. देशपातळीवर हे बरेच दिसते. पण त्या दिवशी महाराष्ट्राची परिस्थिती काय होती? ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे आणि शहरांतले पहिली ते सातवीचे वर्ग १ डिसेंबरपासून उघडायचे होते, म्हणजे तिसरीची मुले दीड वर्षाहून अधिक काळ नियमित शाळेत आलेली नव्हती. दिवाळी नुकतीच संपली होती आणि एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू असल्याने खेड्यापाड्यांतल्या बसगाड्या आगारात उभ्या होत्या. अशा शुक्रवारी सर्वेक्षणासाठी म्हणून बोलावल्यावर तिसरीची कोणती मुले शाळेत पोहोचली आणि कोणती नाही, हे इयत्तावार आणि जिल्हावार कळल्याशिवाय त्या वर्षीच्या सरासरीची २०१७ शी तुलना करणे धाडसाचे आहे. ती तुलना तरीही सर्रास झाली.

गैरहजेरीचा प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज असरच्या आकड्यांवरून येतो. प्रथम संस्थेचे हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देते, त्यामुळे शाळेत न आलेले मूलही त्याला घरी सापडते. सहभागाच्या दृष्टीने ही रचनाच निराळी आणि माझ्या मते अधिक न्याय्य आहे, जरी तिची चाचणी अगदी प्राथमिक स्वरूपाची असली तरी. सोबत गावातल्या सरकारी शाळेला भेट देऊन त्या दिवशीची हजेरीही मोजली जाते. प्राथमिक शाळांत ती २०१८ मध्ये ७२.४ टक्के, २०२२ मध्ये ७३ टक्के आणि २०२४ मध्ये ७५.९ टक्के होती. साध्या दिवशी चौथा भाग बाहेर असतो. पूर्वसूचना देऊन घेतलेल्या सर्वेक्षणाच्या दिवशी हजेरी वाढते हे स्वाभाविक आहे, पण ती कोणाची वाढते आणि नेहमीच बाहेर असणारी मुले त्या दिवशी तरी येतात का, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. पिसामध्ये हजेरी कमी पडल्यास दुसऱ्या दिवशी फेरसत्र घ्यावे लागते. आपल्याकडे एकच दिवस, आणि तो गेला की गेला.

महाराष्ट्राला इंग्लंडसारखी तपासणी करणे अशक्य नाही, हे येथे नमूद करतो. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद सरल प्रणालीत आहे आणि नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण विद्या समीक्षा केंद्राकडे भरले जातात. निवड झालेल्या पण सर्वेक्षणाच्या दिवशी न आलेल्या मुलांचे ते गुण आलेल्यांच्या गुणांशेजारी ठेवले, तर झुकावाचा पहिला अंदाज एखाद्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले (डाएटमधले) अधिव्याख्याते काही आठवड्यांत काढू शकतील. शिक्षकांनीच तपासलेल्या गुणांना मर्यादा आहेत, मान्य. पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे.

पिसाच्या संचाकडे परत येऊन वापराच्या काही अडचणी सांगतो. तक्त्यांतले स्तंभ पुष्कळ आणि शीर्षके लांब आहेत. भारांकित आणि साधी संख्या शेजारी-शेजारी असल्याने घाईत चुकीचा स्तंभ उचलला जातो. फेरीगणिक काही व्याख्या बदलतात, उदाहरणार्थ कमी हजेरीची शाळा सहभागी मानायची की नाही याची सीमा. २००३ मध्ये निवडलेल्या मुलांपैकी २५ ते ५० टक्के मुलेच आली तर त्या शाळेची माहिती वापरली जाई, पण सहभाग-दरात ती शाळा गैरहजर धरली जाई, आणि २५ च्या खाली तर माहितीही टाकून दिली जाई. असे बदल जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्याला तांत्रिक अहवालात शोधावे लागतात, आणि तो अहवाल निकालांच्या बराच मागाहून येतो. मोबाइलवर हे तक्ते वाचणे केवळ त्रासदायक आहे.

एकंदरीत पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. कापलेला एक गुण गुणाकार न छापल्याबद्दल आणि तीन आजारांना एकच चिन्ह लावल्याबद्दल. पत्रकारांनी, शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि आपल्या राज्याचे सर्वेक्षण आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा तक्त्यांचा संच जरूर उतरवून घ्यावा. सुरुवात ए-२ च्या एक्सेल फाइलपासून करावी, पीडीएफपासून नको. आधी व्याप्ती-निर्देशांकाचा स्तंभ पाहावा, मग एकूण वगळणुकीचा, मग बदली शाळांपूर्वीचा आणि नंतरचा शाळा-सहभाग, आणि शेवटी विद्यार्थ्यांचा. शेजारच्या मोकळ्या स्तंभात व्याप्ती, बदली शाळांनंतरचा शाळा-सहभाग आणि विद्यार्थी-सहभाग यांचा गुणाकार मांडावा. वगळणूक व्याप्तीच्या आकड्यात आधीच वजा झालेली असल्याने ती पुन्हा वजा करू नये. त्या स्तंभानुसार देशांची नव्याने क्रमवारी लावून झाल्यावरच गणिताच्या गुणांचा तक्ता उघडावा.